प्राचीची चेष्टा

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. माझ्या औषधाच्या गोळ्या कोणत्या डबीत असतात, मी कुणावर का रुसते, सगळं त्यांना ठाऊक असतं. हे एवढं मात्र नाही. आणि लपवलं तरी काय — दगडातला एक किडा. असं म्हटलं की किती साधं वाटतं, नाही? थांबा, सांगते. सरळ सांगता येईलच असं नाही.

आधी माझा स्वभाव. मी संशयी आहे. नागपूरहून लग्न होऊन भोपाळला आले, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला आणि ऑडिटमध्ये नोकरी केली. दुसऱ्याच्या कामातली चूक हुडकायची, हेच काम. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. जित्याची खोड! दूधवाला जास्त हसला की मला वाटायचं दुधात पाणी आहे, आणि नाही हसला तरी तेच वाटायचं. घरातले हसायचे, मीही हसायचे.

शाहपुऱ्याच्या घरात आल्यावर मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची फिशटँक मांडली. तलावांच्या गावात तुम्हाला समुद्र कशाला हवा, असं शेजारणी विचारायच्या. पण पाकिटातलं मीठ घालून समुद्र तयार करायचा, त्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे सोडायचे — मला त्याचं वेड लागलं होतं. अशा टँकमध्ये समुद्रातले दगड ठेवतात. जिवंत दगड म्हणतात त्यांना, कारण त्यांच्या भोकाभोकांतले बारीक जीव पाणी स्वच्छ ठेवतात. इंदूरच्या एका हौशी गृहस्थांनी आपली टँक मोडली, तेव्हा त्यांच्याकडून मी एक मोठा दगड आणला. असा दगड आधी काही आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून पारखायचा असतो. ते माहीत असून मी तो तसाच आत ठेवला. साऱ्या जगावर संशय घेणारी मी — दगडावर कशाला घेईन?

मग मासे नाहीसे होऊ लागले. आधी एक निळा, मग दुसरा. कधी एखादा कल्ला सापडायचा, कधी तेवढंही नाही. आणि माझी नजर गेली प्राचीकडे.

प्राची माझी सून. भोपाळचीच, घरात हिंदी, शाळेत हिंदीच शिकवणारी. तिचं काय चुकलं होतं? टँकला वास येतो, असं एकदा म्हणाली होती. हॉलच्या त्या कोपऱ्यात झूला छान दिसेल, असंही एकदा म्हणाली होती. डासांच्या फवाऱ्याचा डबा एकदा टँकशेजारी सापडला — तो कुणी ठेवला? विचारलं नाही मी. विचारलं तर संशय फिटला असता, आणि मला तो फिटायला नको होता. मुलगा लग्नानंतर आधी तिला हाक मारायचा, मग मला. हे खरं कारण. लिहितानाही लाज वाटते.

आणि ही पोर माझ्याकडून मराठी शिकत होती! भाजी निवडता निवडता एकेक शब्द विचारायची. तिची एक युक्ती होती. मराठी शब्द अडला की ती हिंदीतला सगळ्यात भारदस्त, संस्कृत वळणाचा शब्द उचलायची. बहुतेक वेळा तो मराठीतही चालायचा. मग माझ्याकडे बघून अशी खुलायची! मला आई म्हणायची तेव्हा.

आम्ही दोघं नवरा-बायको एका लग्नाला नागपूरला गेलो, तेव्हा टँक तिच्यावर सोपवली. माझा मुलगा मिहिर कामानिमित्त बाहेरगावी होता. परत आलो तर केशरी जोडीतला एकच मासा उरलेला. दुसरा एका वाडग्यात, पोट फाटलेला. प्राचीचे डोळे सुजले होते. तिने जखमी मासा जाळीने काढून, टँकचंच पाणी घालून, वेगळा ठेवला होता. मला म्हणाली, "आई, मी माशाची खूप चेष्टा केली. खूपच केली. पण तो गेला."

चेष्टा. हिंदीत प्रयत्न. मराठीत थट्टा, खोडी. इतकी वर्षं भोपाळात काढलेल्या बाईला हे कळलं नसेल? त्याच क्षणी कळलं मला. तिचे ओले हात दिसत होते, वाडगा दिसत होता. हसून म्हणायचं होतं — अगं वेडे, मराठीत असं नाही म्हणत.

मी आत जाऊन मिहिरला फोन लावला. म्हटलं, "मासा मेला. तुझी बायको स्वतः म्हणाली, मी माशाची खूप चेष्टा केली." एक अक्षर बदललं नाही. म्हणून तर ते खोटं इतकं चपखल बसलं. मिहिर भोपाळात वाढलेला, पण त्याची हिंदी मित्रांमधली. तिच्यात 'कोशिश' असते. 'चेष्टा' त्याने फक्त माझ्याच तोंडून ऐकलेला — मुक्या जनावराची चेष्टा करू नये, असं मी त्याला लहानपणी दटावायचे. हे मला माहीत नव्हतं का?

त्याने तिला फोन केला. तू असं म्हणालीस का, विचारलं. ती म्हणाली, हो, म्हणाले. बिचारीने अभिमानाने सांगितलं असेल! मग तो काय काय बोलला ते मला दाराआडून ऐकू आलं नाही, तिचं एवढंच आलं — "पर मैंने किया क्या है?"

पण माणसाच्या हातून माशाचं पोट असं फाटत नाही, हे मला दिसत होतं. पुढच्याच आठवड्यात, भरदुपारी, घरात कुणी नसताना मी तो इंदूरचा दगड बाहेर काढला आणि खूप खारट पाण्याच्या बादलीत बुडवला. असं केलं की आत दडलेले किडे कासावीस होऊन बाहेर येतात. आला. कोळंबीच्या जातीचा, बोटाएवढा, पुढचे पाय चाकूसारखे घडी घातलेले, डोळे गरगर फिरवणारा. मासे मारणारा हाच. मी त्याला मागच्या नाल्यात ओतला, बादली धुतली, आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हटलं, आजपासून टँकला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

त्यानंतर एकही मासा मेला नाही. आणि मी — हे सगळ्यात वाईट — मिहिरला अधूनमधून सांगत राहिले, बघ, आता कसे टिकतात.

वर्षाच्या आत ते दोघं अरेरा कॉलनीत वेगळे राहायला गेले. सणावाराला येतात. प्राची वाकून नमस्कार करते, मम्मीजी म्हणते, आणि शुद्ध हिंदीत बोलते. नात मला दादी म्हणते, तिला मराठी येत नाही. कधी कधी प्राची माझ्याकडे जरा जास्त वेळ बघते. तिला कळलंय का? शब्दांचे अर्थ शिकवणारी बाई, तिने तो शब्द शोधला नसेल? शोधला असेल तर गप्प का आहे? आता संशय माझ्याच मानगुटीवर बसला आहे, आणि तो मला चांगला ओळखतो.

मागच्या दिवाळीत ती करंज्या तळत होती. मी धीर करून म्हटलं, "प्राची, बोल ना गं मराठीत पूर्वीसारखं."

तिने झारा कढईवर निथळत धरला. म्हणाली, "नहीं मम्मीजी, मुझसे ग़लती हो जाती है।"

चूक तुझी नव्हती, एवढंच म्हणायचं होतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "बरं, राहू दे," आणि तिच्यापुढे करंज्यांचं दुसरं ताट सरकवलं.