कांबळेचं होकायंत्र आणि सावंतचा खिसा

येऊरच्या जंगलात मला डोळे बांधून सोडा, सरळ घरी येऊन दाखवतो! परवा नौपाड्यात चष्म्याचं दुकान सापडेना म्हणून रिक्षा थांबवली, तर रिक्षावाला म्हणाला, "काका, दुकानासमोरच उभे आहात." तेवढं सोडा.

वागळे इस्टेटच्या एकाच वर्कशॉपमधून रिटायर झालेले आम्ही तिघं: कांबळे, सावंत आणि मी. रविवारी डोंगरात जातो. चालणं थोडं, किस्सेच जास्त. घरी कोणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

*

कांबळे इन्स्पेक्शनला होता, त्याला सगळं मोजून लागतं. त्याने होकायंत्र आणलं आणि आमची शाळाच घेतली. "जाताना दिशेचा आकडा बघून ठेवायचा. येताना त्यात एकशेऐंशी मिळवायचे, आकडा मोठा असेल तर वजा करायचे. बरोब्बर परत!"

सावंत फिटर. म्हणाला, "म्हणजे पाठ फिरवून चालायचं ना? मग सरळ सांग की रे!"

*

मग डोंबिवलीत प्रॅक्टिस. कांबळे स्टेशनपासून आपल्या घराचा आकडा धरून निघाला. आकडा सरळ जातो, गल्ल्या कुठे सरळ जातात! एका सोसायटीच्या भिंतीपाशी अडला. वॉचमनने हटकलं, "किधर जाना है?"

"दो सौ चालीस!"

"चार माले की बिल्डिंग है, चाचा!"

मी लांबून ओरडलो, "भैया, इनको भूलने की बीमारी है!" वॉचमनने बिचाऱ्याला खुर्चीत बसवून पाणी पाजलं.

*

आणि हा गेल्या रविवारचा. कांबळेच्या मुलीने स्वतःच मुलगा पसंत केलेला. मुलाचे आईवडील दुपारी पहिल्यांदा घरी येणार, त्यांचा होकार तेवढा बाकी. सुनंदावहिनींनी बजावलेलं, "जेवणाआधी घरात पाहिजे!" तरी हा सकाळी येऊरला हजर. "आकडा आहे ना!"

जाताना सावंत लांब पुढे, सगळं ठीक. येताना त्याचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून कांबळेच्या खांद्याला धरून चालला. हिशेब बरोबर, आकडा बरोबर, आणि आम्ही पुन्हा त्याच वारुळापाशी!

फोनला रेंज नाही. कांबळे घामाघूम. "अरे, व्याही येऊन बसले असतील!"

माझ्या लक्षात आलेलं. सावंत डावीकडे झुकला की सुई डावीकडे, उजवीकडे झुकला की उजवीकडे. मी आणखी एक चक्कर गप्प राहिलो, मजा येत होती! मग म्हटलं, "सावंत्या, खिशात काय आहे?"

लोहचुंबक! पडलेले स्क्रू उचलायला नोकरीभर शर्टाच्या खिशात ठेवायचा. रिटायर झाला तरी सवय गेली नाही.

"कांबळे, तुझी सुई उत्तर नाही रे, सावंत दाखवतेय!"

सावंतला हाकलून लांब मागे ठेवला, तेव्हा कुठे बाहेर पडलो.

कांबळेच्या घरी पोचलो तर कपबश्या विसळून झालेल्या. हा दारातूनच, "अगं, सावंतच्या खिशात चुंबक होतं..."

वहिनी म्हणाल्या, "होकार देऊन गेले ते. तुम्हाला भेटूनच जातो म्हणत होते. मीच म्हटलं, लग्न लागल्यावर भेटा, आधी भेटलात तर होकार मागे घ्याल!"