कांडीखालचं लेबल

हे मी अजून कोणालाच बोललेली नाही. आईला फोनवर नाही, चुलत बहिणीला नाही. देवापुढे उभी राहिले की बोलेन म्हणायची, आणि तिथंही दुसरंच काहीतरी मागून परत यायची. आज लिहायला बसले तरी हात आधी भलतंच लिहितोय. तेवढं चालवून घ्या. येते मुद्द्यावर.

मी भंडाऱ्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली. चुलत बहिणीबरोबर सोलापुरात आले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागले. कडा शिवायच्या, कोपऱ्यात लेबल लावायचं. बहीण लग्न होऊन गेली, मी राहिले. भवानी पेठेत एका घराच्या मागच्या अंगाला खोली मिळाली. आमच्याकडे गावागणिक तळं. इथं मार्चातच भिंतीचा हाताला चटका बसतो. पण त्याचं काही नव्हतं. संध्याकाळी कुलूप उघडताना आतून कोणी ‘आलीस का’ म्हणत नाही — त्याचं होतं.

घर जॉबरमामांचं. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. सत्तरी उलटली तरी कुठं नवा माग बसवायचा असला की कारखानदार त्यांना गाडीवरून घेऊन जायचे. मामा उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे आणि सांगायचे, “डावा पाय सूतभर खाली हाय.” मग पाणसळ लावून बघायची, तर सूतभरच निघायचा. त्या नजरेवर मामांचं सगळं उभं होतं. हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी मामा नातीसाठी लाकडाचं विमान करत होते. नात हैदराबादची, दिवाळीला यायची होती. हातानं फेकलं की तरंगत जाणारं विमान, मैदानावर नेऊन उडवायचं. लाकूड इतकं हलकं की धरलंय असं वाटूच नये. एकदा मामी म्हणाल्या, “हिची बोटं बारीक हायत, हिला घ्या की मदतीला.” आणि मी आत गेले.

एक सांगते. मला कामाशिवाय कोणाच्या घरात बसता येत नाही. चहा दिला तरी कप हातात धरून उभीच राहते. कोणी ‘बस’ म्हटलं तर वाटतं, हे उठायची वाट बघतायत. पण त्या संध्याकाळी मी बसायची. बारीक कामट्या घासायची, टाचण्या टोचायची. मामा “रा अम्मा” म्हणायचे — तेलुगूत ‘ये बाळ’ — आणि स्वयंपाकघरात तीन कप निघायचे. न विचारता, तीन. तुम्हाला हे फार मोठं वाटणार नाही.

पंखाचे दोन भाग वेगवेगळे तयार झाले. शेवटचं अवघड काम म्हणजे ते मधोमध जोडणं. सपाट जोडायचे नसतात, दोन्ही टोकं थोडी वर उचललेली हवीत. मामा म्हणाले, “सपाट पंख एका कुशीवर गेला की गेला. उचललेला असला की आपला आपण सावरतो.” म्हणून एक भाग फळीवर टाचण्यांनी पक्का सपाट धरायचा आणि दुसऱ्याच्या टोकाखाली टेकण द्यायचं. टेकणाला मामांनी जुन्या लाकडी कांड्या घेतल्या, मागाच्या धोट्यात सूत गुंडाळून बसवतात त्या, मोजून सारख्या, एक पुढच्या कडेखाली, एक मागच्या. सांध्याला डिंक लावला. खाली टॉवेलची प्लास्टिकची पिशवी, चिकटू नये म्हणून. मग मामा फळीशी वाकून एक डोळा मिटून किती वेळ बघत राहिले. मामी दारातून म्हणाल्या, “मला बघायला आले तवा एवढं निरखून बघितलं न्हाई की.” मामा डोळा न उघडता म्हणाले, “तवा बघितलं असतं तर तू हितं असतीस का?”

मी हसले. आणि हसता हसताच दिवस मोजले. उद्या पंख होणार. परवा विमान होणार. मग मी कशासाठी येणार?

मामा देवळात गेले. मामी आत. मी भुसा झाडत होते. एप्रनच्या खिशात कारखान्यातलं एक लेबल होतं, मऊ, कापडी. त्याची चार पदरी घडी केली आणि पुढच्या कांडीखाली सरकवली.

झालं. एवढंच केलं मी.

पुढची कड उचलली, मागची तशीच राहिली. डिंक रात्रभर तसाच सुकला. मामींचे गुडघे दुखायचे म्हणून सकाळी पुढची खोली मीच झाडायची; झाडताना लेबल काढून घेतलं. संध्याकाळी मामांनी टाचण्या काढल्या, पंख हातभर लांब धरला आणि म्हणाले, “पीळ बसलाय.” ब्लेडनं सांधा उकलला, घासला, पुन्हा डिंक लावला. आणखी दोन संध्याकाळी मिळाल्या मला.

थांबले असते तर — पण थांबले नाही. तीनदा केलं. तेच लेबल, तीच घडी.

तिसऱ्या वेळी मामांनी पंख माझ्या हातात दिला. “तू बघ अम्मा. मला वाकडा दिसतोय.” तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी पंख डोळ्यांसमोर धरला. पीळ मला स्वच्छ दिसत होता. मी म्हणाले, “सरळच आहे की मामा.”

का म्हणाले? घाबरले होते. वाकडा म्हटलं तर का वाकडा झाला ते शोधतील, असं वाटलं. लेबल कांडीखाली घालणं एक आणि हे एक. झोपताना मला आठवतं ते हे दुसरं.

मामांनी पंख खाली ठेवला. मग सांधा उकलला आणि दोन्ही भाग कपाटावर ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत, नंबरही बदललेला नाही. मामी देवाला साखर ठेवायला निघाल्या, तर मामा चप्पल काढता काढता म्हणाले, “म्हंजे डोळ्यातलं न्हाय गेलं. डोक्यातलं गेलं.”

पुढच्याच आठवड्यात एक कारखानदार गाडी घेऊन दारात आला. मामांनी उंबऱ्यातूनच हात जोडले. “दुसऱ्याला बघा. माझ्यात आता राम न्हाई.” मी मागच्या दारात कपडे वाळत घालत होते. पिळलेलाच टॉवेल पुन्हा पिळत राहिले.

दिवाळीला नात आली. पंखाचे दोन भाग कपाटावर होते. एक एक हातात घेऊन अंगणभर पळाली, तिला तेवढं पुरलं. पण मामी मुलाला सगळं सांगून बसल्या होत्या — नजर चुकतेय, सरळ असतं ते वाकडं दिसतंय, त्या मागच्या खोलीतल्या पोरीनं पण बघितलं, सरळच म्हणाली. माझी साक्ष निघाली तिथं. मुलगा म्हणाला, आता दोघांना एकटं ठेवणं बरं नाही.

संक्रांतीआधी घर बंद झालं. साठ वर्षं ज्या पेठेत काढली तिथून मामा हैदराबादला गेले, आठव्या मजल्यावर. निघताना मला बोलावून टाचण्यांची डबी, ब्लेड, दोन कांड्या आणि पंखाचे दोन्ही भाग दिले. म्हणाले, “तुझी नजर सरळ हाय अम्मा. तू जोड.” मी वाकून नमस्कार केला. वाकलेली होते तेव्हाही बोलले नाही.

आता मी दोन गल्ल्या सोडून राहते. सणाला फोन येतो. मामींच्या हातातून मामा फोन घेतात. तिथं खाली उतरता येत नाही, भाषा आपलीच पण माणसं आपली न्हाईत, म्हणतात. मला कळतं ते. मग दर वेळी विचारतात, “अम्मा, जोडलास का पंख?”

मी सांगते, “नाही मामा, वेळच मिळाला नाही.”

जोडलाय. ते गेले त्याच महिन्यात जोडला. त्याच कांड्या, खाली काही न घालता. एका वेळेत जोडला गेला, पीळ नाही. खाटेसमोर खिळ्याला टांगलाय. कामावरून येऊन कुलूप उघडलं की आधी तोच दिसतो, दोन्ही टोकं सारखी वर उचललेली.