नथू मेस्त्री आणि डॉक्टरांची पद्मिनी

गाडीला काय झालंय, असं नथू मेस्त्री कधी विचारत नसत. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. चौक गावात, जुन्या हायवेच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा बावीस वर्षांची नवी नवरी होते. डोळ्यांवर काळा गॉगल होता, आणि नवऱ्याच्या पद्मिनीत बसलं की मी स्वतःलाच पद्मिनी समजत असे.

"झोपले की काय हे?" मी मोठ्यानं विचारलं.

"वयनी, ती बोलतेय," मेस्त्री डोळे न उघडता म्हणाले. "तुमी मधी बोलू नका."

गाडीसाठी मला गप्प बसवणारा हा पहिला माणूस. कर्जतला घरी पोचेपर्यंत मी फुगून बसले. आमचे डॉक्टर मात्र खूश. "निदान बघ त्याचं," म्हणाले, "माझ्याहून पक्कं आहे."

डॉक्टर त्याच गाडीनं कशेळ्याच्या पलीकडे, रस्ता संपेल तिथपर्यंत पेशंट बघायला जात. मेस्त्रींची मुलगी त्या गाडीच्या मागच्या सीटवर जन्मली, दवाखाना गाठायच्या आधीच. तेव्हापासून त्या गाडीला हात लावताना मेस्त्री आधी हात धुवत. इतर गाड्यांच्या वेळी काम झाल्यावर धुवत.

एखादा पार्ट खराब झाला, असं ते म्हणत नसत. "दमलाय बिचारा," म्हणत. क्लच दमला, रेडिएटर दमला. डॉक्टर शेवटच्या आजारात होते तेव्हा सगळे मला रिपोर्ट वाचून दाखवत होते. मेस्त्री पलंगापाशी थोडा वेळ बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर दमल्यात, वयनी." खरं काय ते त्यांनी एकट्यानंच सांगितलं. त्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांचा हात धरला होता. "नथू, गाडी भंगारात जाऊ देऊ नको रे."

"मी हाय तवर नाय जाणार."

पण त्या गाड्या कारखान्यातून निघायच्या बंद होऊन जमाना लोटला होता आणि पार्ट मिळेनासे झाले होते. मेस्त्री एसटीनं पनवेलला जात, कुर्ल्याला जात, आणि रिकामी पिशवी घेऊन परत येत. "दुकानवाला हसला वयनी. म्हनतो, काका, तुमालाच शोकेसमधी ठेवतो." पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात ते किंगपिन पार झिजले होते. चाकं दारुड्यासारखी झुलत. ते बदलल्याशिवाय आरटीओचं पासिंग होणार नव्हतं, आणि पासिंग नाही तर गाडी भंगारात. तीन वर्षं वणवण केल्यावर खोपोलीत एका मेलेल्या टॅक्सीखाली मेस्त्रींना चांगली जोडी मिळाली. ग्रीस लावून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून त्यांनी ती माझ्या मागच्या पडवीत आणून ठेवली, कारण त्यांची शेड गळत होती. "सोनं समजा, वयनी."

समजले. आणि विसरले. तेव्हा मी साठी ओलांडली होती, अक्कल तेवढी यायची राहिली होती. दिवाळीच्या आवराआवरीत टेंपो आला, "भंगार द्या, लसूण घ्या!" असा ओरडत. मी डबा दिला, अर्धा तास घासाघीस करून दोन मुठी लसूण जास्तीचा उकळला आणि दिवसभर शेजारपाजारी माझी हुशारी सांगत फिरले.

भाऊबीज झाल्यावर मेस्त्री जॅक घेऊन आले. "डबा काढा, वयनी."

मी सांगितलं. हसत हसतच सांगितलं, मला दुसरं येतंच काय! मेस्त्री अंगणात जॅकवरच बसले. म्हणाले, "गावठी होता का लसूण?"

"हो."

"मंग ठीक हाय."

मी पुन्हा हसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वडापच्या जीपनं टेंपोवाल्याला शोधत कशेळ्याला गेलो. "आजी, त्यो माल कवाच भट्टीला गेला," तो म्हणाला. मग मेस्त्रींनी लेथवर नवी जोडी करवून घेतली, पण माप नेमकं जमलं नाही. तपासणीला साहेबानं चाक धरून हलवलं, चाक खडखडलं. मेस्त्री जमिनीकडे बघत मला म्हणाले, "साहेबाची चूक नाय. मी बी नापास केली असती."

न्यायला ट्रक आला. गाडीचं इंजिन अजून ठणठणीत होतं. मेस्त्रींनी हात धुतले, गाडी सुरू केली आणि फळ्यांवरून सरळ ट्रकवर चढवली.

"काका, बंद करा आता," ड्रायव्हर म्हणाला.

"मी नाय बंद करणार. पेट्रोल संपलं की थांबंल ती."

स्टिअरिंग धरून ते आतच बसून राहिले. मला म्हणायचं होतं, मेस्त्री, माझं चुकलं. तोंडातून निघालं, "मेस्त्री, वरात झकास निघाली तुमची!" त्यांनी नुसता हात वर केला. ट्रक खालापूरच्या दिशेनं गेला. वळण घेतल्यावरही इंजिनाचा आवाज थोडा वेळ येत होता.

पेट्रोल संपलं तिथून ते चौकपर्यंत चालत आले, असं त्यांच्या मुलीनं मला नंतर सांगितलं. गॅरेज पुन्हा उघडलंच नाही. पुढच्या दिवाळीआधी ते गेले, आणि मला कळलं तेव्हा दहावंही उरकलं होतं.

मधल्या त्या वर्षात चौक काही लांब गेलं नव्हतं. पेट्रोल नेमकं कुठं संपलं, एवढं तरी मला त्यांना विचारायचं होतं. पण विचारायला गेले असते, तर माफी मागावी लागली असती.