पास्ड अवे

इंग्रजी दुसरीत भोरची शाळा सुटली, तेव्हा 'पास' या शब्दाची मला धास्तीच होती. मी कधी तो झालोच नाही. पुढं लढाईत इराकात बसऱ्याच्या छावणीत भटारखान्यात लागलो. तिथं पास म्हणजे रजेची चिठ्ठी. 'अवे' म्हणजे लांब. एवढ्या इंग्रजीवर माझं भागत होतं.

माझा मावसभाऊ, गुंजवणे गावचा, त्याच छावणीत होता; सगळे त्याला दादा म्हणत. मला नोकरीला चिकटवलं त्यानंच. पहिल्या थंडीत आपलं कांबळं मला दिलं आणि स्वतः कोट अंगावर ओढून झोपला. तापानं त्याला इस्पितळात नेलं, तेव्हापासून त्याचं एकच: "अरं इंग्रजीवाल्या, इचार की त्या बाईला, भात लावायच्या आत मला सोडत्यात का. घरी ती एकटी हाय." मी रोज विचारी. सिस्टर रोज म्हणे, बघू.

एका सकाळी गेलो तर खाट रिकामी, चादर बदललेली. सिस्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "ही हॅज पास्ड अवे."

पास मिळाला, लांब गेला. मला इतका आनंद झाला की मी तिला दोनदा थँक्यू म्हटलं. ती बघतच राहिली. न भेटता गेला, म्हणून जरा रागही आला. मग खाटेखाली त्याच्या वहाणा दिसल्या.

रत्नागिरीकडचा एक वॉर्डबॉय फरशी पुसत होता. त्याला म्हटलं, "आमचा दादा अनवाणीच गेला की वो."

"गेला रे तो."

"व्हय, पास मिळाला न्हवं त्याला."

त्यानं फडकं खाली ठेवलं. "अरे बाबा, गेला म्हणजे... गेला. पहाटेस. लाकडं रचतायत तिकडे. चल."

तो कोण, कुठला. पण चितेजवळ शेवटपर्यंत माझा दंड धरून उभा राहिला. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

छावणीत परतलो तर आपल्याकडची माणसं चहाला बसलेली. एकानं विचारलं, "दादा कसा हाय?"

"गेला."

"सुटला बाबा एकदाचा," आमचा थोरला आचारी हसून म्हणाला. "वैनी वाटंकडं डोळं लावून बसली असंल."

'वारला' म्हणायला मी तोंड उघडलं. पण काखेतल्या त्याच्या वहाणाच तेवढ्या खाली ठेवल्या, आणि एकेकाचं हसू विरत गेलं.