छाप नसलेली इस्त्री

बारामतीत विजेचं सामान विकणारे ते तात्या प्रत्येक गिऱ्हाइकाला “काळजी करू नका” असं दोनदा सांगत. दुसऱ्यांदा सांगितलं की मला काळजी वाटू लागे.

विजेची इस्त्री घेताना मी विचारलं, “तात्या, हिच्यावर तपासणीचा छाप कुठं आहे?”

“कायद्यात तशी सक्ती न्हाय, वहिनी.”

“आणि शॉक बसला तर?”

“मग हा हात कशाला हाय?” त्यांनी पिन खोचली, बटण दाबलं आणि इस्त्रीवर तळहात ठेवून खुशाल हसत राहिले.

मी निर्धास्तपणे इस्त्री घेऊन बाहेर पडले. शेजारचा गिरणीवाला ओट्यावर बसून होता. माझं दळण कधी होईल, असं त्याला विचारलं.

“वीज आल्यावर. सकाळपासनं न्हाय.”

मी तशीच मागे फिरले. तात्यांनी तोवर कोळशाची इस्त्री कागदात बांधून ठेवली होती.