कुंकवाचं बोट आणि रस्त्यावरची बाळंतीण

मार्च महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे सव्वाअकरा. चित्राची किंमत अठरा हजार रुपये. हजर माणसं चार : मी, माझी पत्नी, तिचा थोरला भाऊ आणि टेबलाजवळ बसलेली कला महाविद्यालयाची एक विद्यार्थिनी. चित्रकार बाई नंतर आल्या, म्हणून त्यांना या चौघांत धरत नाही.

प्रदर्शन गेवराईतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. बाई मूळच्या दिंद्रुडच्या, शिकून शहरात स्थायिक झालेल्या. त्यांच्या चित्रांवरून आदल्या दिवशी गावात कुजबुज झाली होती, म्हणून पत्नीला ती बघायचीच होती. मेहुणे चकलांब्याचे, मेंढपाळ. त्या दिवशी कोकरं विकून आमच्याकडे चहाला आले होते, ते आमच्याबरोबर निघाले.

मी मोजणी खात्यात आहे. चित्रातलं मला फारसं कळत नाही, पण माप कळतं. सगळ्यात मोठं चित्र पाच फूट बाय साडेचार फूट होतं आणि त्याच्यासमोर कोणी थांबत नव्हतं. डांबरी रस्त्याची कड, मागे मेंढरं, आणि गुडघ्यांवर बसलेली बाई बाळंत होते आहे. बाळाचं डोकं बाहेर आलेलं. दोघी जणी घोंगडं आडवं धरून उभ्या. ती बाई थेट आपल्याकडे बघत होती. मी किमतीची चिठ्ठी वाचली आणि पुढच्या चित्राकडे वळलो. पत्नी आणि मेहुणे मात्र तिथून हलले नाहीत.

पलीकडच्या एका लहान चित्राखाली लाल टिकली चिकटवलेली होती. मेहुण्यांनी टेबलाजवळच्या त्या मुलीला विचारलं, "बाय, ही लाल खूण कावून?"

"ते चित्र विकलं गेलंय, काका. आता दुसऱ्या कोणाला मिळणार नाही."

"आन् हे मोठं?"

"त्याला अजून टिकली लावलेली नाही."

मेहुण्यांनी मान डोलावली. आमच्याकडच्या बाजारात व्यापाऱ्याने मेंढी पसंत केली की तो तिच्या पाठीवर रंगाचं बोट ओढतो. बोट ओढलं की सौदा झाला. मग घेणाऱ्याने मागे फिरायचं नाही आणि तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही. मेहुणे शांतपणे दाराशी गेले. उद्घाटनाच्या समईजवळ कुंकवाचं ताट तसंच होतं. त्यात बोट बुडवून ते परत आले आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, कॅनव्हासवर, वीतभर लांब रेघ ओढली.

मुलगी किंचाळलीच. "अहो काका! खराब केलं तुम्ही! अठरा हजारांचं चित्र आहे ते!"

"खराब कशानं? घेतलं म्या."

चूक कुठे झाली ते मला कळत होतं. मी पुढे होऊन मुलीला बाजाराची रीत सांगितली. ती रडकुंडीला आली होती. पुण्याच्या एका डॉक्टरांनी फोन करून ते चित्र संध्याकाळपर्यंत राखून ठेवायला सांगितलं होतं म्हणे.

तेवढ्यात चित्रकार बाई आल्या. कापलेले केस, हातात चहाचा कागदी कप. त्यांनी रेघ बघितली, सगळं ऐकून घेतलं आणि मेहुण्यांना विचारलं, "हेच का हवंय तुम्हाला?"

"माझी लेक अशीच झाली. शहागडच्या अलीकडं, रस्त्याच्या कडंला. दाखल्यावर जन्मगाव चकलांबा लिवलंय. ती इचारती, आबा, मी नेमकी कुठं झाले? मी काय दाखवू तिला? आज हे घावलं."

पत्नी मध्येच म्हणाली, "घोंगड्याचं एक टोक माझ्या हातात होतं. दहा वर्षांची होते मी."

आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

बाई म्हणाल्या, "मी हे ऐकीव गोष्टीवरून काढलंय. काही चुकलंय का?"

"लई न्हाई. घोंगडं चुकलंय," मेहुणे म्हणाले. "पदर उडतेत इकडं, म्हंजी वारं तिकडून हाय. आन् घोंगडं धरलंय रस्त्याच्या बाजूनं. आमी वाऱ्याच्या बाजूनं धरतो. पोराला गार लागू न्हाई म्हणून. रस्त्यावरलं कोण बघतंय, ह्याची फिकीर तवा कुणाला?"

बाई चित्राकडे बघत राहिल्या. "मी ते लाजेसाठी धरलेलं समजत होते," त्या म्हणाल्या. "दुरुस्त करून देऊ?"

"नगं. ऱ्हाऊ द्या तसंच. तुमी कुठं होता तिथं?"

बाई मोठ्याने हसल्या. मी लगेच विचारलं, "डॉक्टरांनी टोकन दिलंय का?"

"नाही. नुसता फोन."

"मग आधी बोट यांचं आहे."

"बरोबर," बाई म्हणाल्या. मुलीला त्यांनी डॉक्टरांना नकार कळवायला सांगितलं. मुलगी लाल टिकली घेऊन आली, तर पत्नी म्हणाली, "आता आणखी कशाला गं? ठसठशीत कुंकू लागलंय की!"

मग बाई मेहुण्यांना म्हणाल्या, "पंधराच द्या तुम्ही. माझंही चुकलंच आहे."

मेहुण्यांना ते आवडलं नाही. "बोट वढल्यावर भाव खाली येत न्हाई आन् वर जात न्हाई. अठरा म्हंजी अठरा."

एवढं बोलून त्यांनी कोपरीच्या आतल्या खिशात हात घातला. कोकरांचे पैसे साडेपंधरा हजार भरले. ते माझ्याकडे न बघता बहिणीकडे वळले. "तुझं टोक व्हतं म्हणालीस ना?"

"होतं. आणि सोडलं नव्हतं," ती म्हणाली आणि पर्स उघडली.

आत्याने भाचीसाठी काही देणं यात विशेष नाही, पण एवढी रक्कम तिने मला न विचारता कधी खर्च केली नव्हती.

चित्र जुन्या चादरीत गुंडाळून लेकीच्या सासरी निघालं. चित्रकार बाईंच्या हातात मेहुण्यांचे साडेपंधरा हजार आणि माझ्या पत्नीचे अडीच हजार पडले. टेम्पोवाल्याला चारशे मी दिले.