मुक्या लग्नाचा धवला

आमच्याकडे लग्न धवलारीण लावायची. भट आला तर त्यालाही ओसरीवर बसवायचे, पण हळद, तेल, तोरण सगळं धवलारणीच्या गाण्यावर चालायचं. तिनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, धरल्याशिवाय नवऱ्या मुलाला कुणी पाटावर बसवत नसे. आमच्या गावची धवलारीण म्हणजे माझी आत्या. आईच्या माघारी तिनंच मला वाढवलं, आणि चुलीपाशी, शेतात, मिठागराच्या बांधावर सगळे धवले माझ्या तोंडात बसवले.

तोंडात बसवले, पण गाऊ कुठं दिले? पुढं बसून गायची ती. मी इतर बायकांबरोबर मागून झील धरायची, म्हणजे तिची ओळ संपली की तीच ओळ उचलायची. सोळावं लागलं तरी माझं हेच. "आत्या, एकदा मला पुढं बसव की," म्हटलं की तिचं ठरलेलं, "गळा कच्चा हाय गो अजून." गळा काय आंबा आहे, आढीत घालून पिकवायला? पण तिच्यासमोर असं बोलायची कुणाची टाप नव्हती. मनातून मात्र मला दुसरं काही नको होतं. लुगडं नको, नथ नको, एकदा मांडवात पुढच्या पाटावर बसायचं होतं.

त्या उन्हाळ्यात पोयनाडला सिनेमाचा तंबू आला. मुंबईत म्हणे सिनेमा बोलायला लागला होता, आमच्यापर्यंत आला तो अजून मुकाच. एक माणूस यंत्राचा दांडा फिरवायचा. दुसरा पडद्याखाली बसून पेटी वाजवायचा, आणि पडद्यावर अक्षरं उमटली की तोच ती मोठ्यानं वाचायचा. आमच्या गावच्या बायका बैलगाड्या भरून निघाल्या. आत्या नको नको म्हणत पुढच्या गाडीत पहिली चढली.

गोष्ट गाणं शिकणाऱ्या एका पोराची होती. पोरगा गुरूच्या मागं तंबोरा घेऊन बसतो, आणि गुरू त्याला काही गाऊ देत नाही. मला वाटलं, माझंच गाऱ्हाणं कुणीतरी जाऊन सांगितलं यांना. गुरूनं पुन्हा एकदा पोराला गप्प केलं तेव्हा मी पुटपुटले, "मेला खाष्ट म्हातारा." आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "गळा कच्चा असंल त्याचा." मुक्या सिनेमात हिला गळा ऐकू आला. अस्सा राग आला मला.

मग पोरगा पळून गेला, उपाशी हिंडला, मोठा गवई झाला, आणि शेवटी त्याचं लग्न निघालं. मांडव, केळीचे खांब, नवरी, सगळं यथासांग. पेटीवाल्यानं कसलीशी बँडची चाल धरली. आमच्या बायकांत चुळबूळ सुरू झाली.

"धवलारीण कुठं हाय?" एकीनं विचारलं.

"न्हाय दिसत."

"मंग लगीन कसं लागंल?"

बघता बघता सगळ्यांची तोंडं आत्याकडे वळली.

आत्या जागची हलली नाही. धवलारणीला बोलावणं लागतं. दारात पान-सुपारी आल्याशिवाय ती कुणाच्या मांडवात तोंड उघडत नाही, मग तो मांडव पडद्यावरचा का असेना. "मला कुनी बोलावलंय का?" ती म्हणाली. मग तिनं मला कोपरानं ढोसलं. "तुला कुठं मानपान लागतोय? तू घे."

मी घेतला. पहिली ओळ कापत निघाली, दुसरी सरळ गेली, आणि मागून सगळ्या बायकांनी झील धरली. पेटीवाला दचकला, पण शहाणा माणूस, आपली चाल सोडून त्यानं माझा सूर शोधला. अडचण एवढीच की धवला लांबलचक. आधी सगळे देव मांडवात बोलवायचे, मग हळद. माझे देव अजून वाटेवर होते तोवर तिकडे अक्षता पडल्या आणि वरात निघाली. मी घाबरून आत्याकडे पाहिलं.

"सोडू नको," ती म्हणाली. "अर्धवट लगीन लावायचं नसतं."

दांडेवाल्याला काय वाटलं देव जाणे. त्यानं फीत थांबवली, उलटी गुंडाळली आणि लग्न पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी दांडा सावकाश फिरवत. नवरा कमरेएवढ्या पाण्यातून चालल्यासारखा मांडवात आला. माझी हळद झाली, तेल झालं, आणि शेवटच्या ओळीला बरोबर अंतरपाट निघाला. मागं बसलेले पुरुष हसत होते, पण उठून कुणी गेलं नाही.

परतताना गाडीत सगळ्या माझं कौतुक करत होत्या. आत्या बैलांकडे बघत बसली होती. मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. शेवटी न राहवून विचारलं, "अजून कच्चाच हाय का गो?"

"बैल नीट हाक रे," ती गाडीवानाला म्हणाली. मी रडकुंडीला आले.

थोड्या दिवसांनी किहीमहून लग्नाचं बोलावणं आलं. पाहुण्यानं पान-सुपारी आत्यापुढं धरली.

"माझा गळा बसलाय," आत्या म्हणाली. "तिच्या हातात दे."

सकाळीच कोंबड्या हाकलताना तिचा आवाज वेशीपर्यंत गेला होता. पाहुणा माझ्याकडे वळला, आणि मला पदर पुढं करायचंही सुचेना.

किहीमच्या मांडवात मी पुढच्या पाटावर बसले. पहिली ओळ संपवून श्वास घेतला. मागून बायकांची झील आली, आणि तिच्यात तो आवाज होता, जो मी जन्मभर पुढून ऐकला होता. बसलेला वगैरे काही नव्हता. माझी ओळ जशीच्या तशी उचलत होता, कुठेही माझ्या पुढं जात नव्हता. मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण आत्या मागं माझ्या ओळीची वाट बघत होती, म्हणून मी पुढची ओळ घेतली.